ज्ञानगंगा दारात आली, पण कळशी भरता येते का?

नाशिककरांनो, गोवर्धनजवळचं आपलं मुक्त विद्यापीठ १९८९ चं. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. दूरशिक्षणात पुस्तकालाच शिक्षक व्हावं लागतं. म्हणून छोटे घटक, सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न. असा सुटा घटक उचलून दुसऱ्या अभ्यासक्रमातही बसवता येतो. संगणकावरच्या साहित्याचं सूत्र पुढे हेच ठरलं.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपलं अभ्याससाहित्य इंटरनेटवर खुलं करायचं जाहीर केलं. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. कारण फुकट म्हणजे मुक्त नव्हे. बदलायची, पुढे वाटायची परवानगीही लागते.

मागच्या वर्षी मी एका संस्थेची पीडीएफ घेतली. वस्तीवरच्या मुलांसाठी दोन पानं सोपी करायची होती. मजकूर कॉपी केला तर नुसती गिचमिड! जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्याचा हा प्रताप. रात्री बसून सगळं पुन्हा टाईप केलं. वर, वापरायची परवानगी आहे की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी ती पानं मी कुणाला पाठवलीच नाहीत.

शिक्षक मित्रांनो, नोट्स टाकताना एवढं कराच: मजकूर युनिकोडमध्ये, सोबत बदलता येणारी मूळ फाईल, आणि खाली परवान्याची एक ओळ. दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या कुणाची तरी रात्र वाचेल.