पाच-दहा सेंटांची लॉबी

न्यूयॉर्कला येणारे पाहुणे मान वर करकरून उंच इमारती बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. मी म्हणतो, जमलं तर एखाद्या जुन्या इमारतीची लॉबीही बघा.

वूलवर्थ बिल्डिंगचंच घ्या. पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकून फ्रँक वूलवर्थ गडगंज झाला आणि १९१३ साली त्याने ही ७९२ फुटी इमारत उभी केली, तीही रोखीने! १९३० पर्यंत जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती. लॉबीत चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. संगमरवरी भिंती, वर सोनेरी मोझेकचं छत. पण कोपऱ्यात बघितलं की हसू येतं. तिथे खुद्द वूलवर्थसाहेब नाणी मोजतायत आणि आर्किटेक्ट कॅस गिल्बर्ट इमारतीचं मॉडेल कवटाळून आहे.

१९८३ साली ही लॉबी वारसा म्हणून जाहीर झाली. न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून इमारतीच्या आतल्या भागालाही असा दर्जा मिळतो. अट एकच महत्त्वाची : तिथे लोकांची नेहमीची ये-जा हवी. आता गंमत बघा. आज इथे सहज डोकावता येत नाही, तिकीट काढून गाइडबरोबर जावं लागतं. म्हणजे संगमरवर जपला गेला, पण ये-जा नाही.

वूलवर्थने मोजलेली ती नाणी शेवटी कुणाची होती? रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसांचीच ना? आणि आज तोच माणूस दाराबाहेर...

असो. तिकीट काढा, पण बघाच.