दोन घोडे, एक गव्हाण

घोडबंदर रस्त्यावर हल्ली घोडा औषधालाही सापडत नाही. ट्रकांच्या आणि मोटारींच्या रांगेत अडकलेल्या ठाणेकराला, आपण कोणत्या जनावराच्या नावाच्या रस्त्यावर उभे आहोत, याचा विचार करायला वेळ मात्र भरपूर मिळतो. परवा मलाही तो मिळाला, आणि मन साठ वर्षे मागे, कल्याणातल्या एका टांगेवाल्याच्या तबेल्यात जाऊन पोहोचले.

आमच्या घरामागेच तो तबेला होता. तबेला म्हणजे काय, तीन भिंती, वर गंजके पत्रे, समोर चिंचेचे झाड. टांगेवाल्या चाचांजवळ चांदणी नावाची एक तपकिरी घोडी होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी. स्टेशनापासून पारनाक्यापर्यंतचा रस्ता तिला इतका पाठ होता की चाचा खुशाल डुलक्या घेत. पुढे धंदा बरा चालला, तेव्हा चाचांनी दुसरा घोडा घेतला. हा उंच, तरणाबांड आणि तापट. त्याचे नाव सुलतान. सकाळच्या पाळीला चांदणी, संध्याकाळच्या पाळीला सुलतान, अशी वाटणी ठरली. जागा एकच होती, गव्हाणही एकच. दोघांना शेजारी शेजारी बांधले जाऊ लागले.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आईच्या डब्यातला गुळाचा खडा चोरून तबेल्यात नेणे हा माझा नित्यक्रम. खडा दाखवताच सुलतान मान लांब करून पुढे येई आणि चांदणी भिंतीकडे सरके. मला वाटे, तिला गूळ आवडेनासा झाला. ती वाळत चालली होती, खांद्यावर दातांचे व्रण दिसत होते, पण ते पाहण्याची नजर माझ्याजवळ नव्हती. पुढे येईल त्याला द्यावे, एवढेच कळत होते.

वसुबारसेच्या सकाळी घराघरांत गाई-वासरांच्या पूजेची गडबड चालू असताना मी असाच खडा घेऊन गेलो. त्या दिवशी चांदणीनेही मान पुढे केली. सुलतानने कान मागे पाडले, दोरी पुरेल तितका तो वळला आणि त्याने दुगाण्या झाडल्या. चांदणीच्या मागे भिंत होती. जाणार कुठे? मागच्या पायाच्या सांध्याखाली जखम झाली आणि तो पाय तिने उचलून धरला. मी धूम पळालो, आणि गुळाची गोष्ट कोणाला सांगितली नाही.

आता वाचक म्हणतील, या लेखात इतिहास कोठे आहे? तो त्या गव्हाणीतच आहे. घोडा आणि ठाणे यांचा संबंध फार जुना, आणि त्या संबंधात घोड्याला पुरेशी जागा क्वचितच मिळाली.

मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाचा वृत्तान्त १२९८ साली जिनोआच्या तुरुंगात लिहिला गेला. त्यात आपले ठाणे आहे. येथला राजा समुद्रावरच्या चाच्यांशी करार करून आहे, असे तो सांगतो. करार असा, की लुटीतला बाकीचा माल चाच्यांनी खुशाल घ्यावा, मात्र घोडे तेवढे राजाला द्यावेत. कारण राजाच्या मुलखात घोडे निपजत नाहीत, आणि परदेशाहून हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांवर घोडे हटकून असतात. राजाला हे शोभत नाही, असा शेराही त्याने मारून ठेवला आहे! हे घोडे येत कसे, तेही त्याने हुर्मुझ बंदराच्या वर्णनात सांगितले आहे. लोखंडी खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेली जहाजे. त्यांत आधी माल भरायचा, मालावर कातडी पसरायची आणि कातड्यांवर घोडे उभे करायचे. अशा तरंगत्या तबेल्यात माघार घ्यायला जागा ती कसली असणार?

पूर्व किनाऱ्यावरच्या, म्हणजे तमिळ मुलखातल्या, राजाविषयी तर तो थक्क करणारी हकीकत देतो. राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे विकत घेतो आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही जिवंत राहत नाहीत. कारण त्यांची निगा राखणारा माणूस तेथे नाही. व्यापारी नालबंदाला तिकडे जाऊ देत नाहीत. घोडे मेले, तर पुढच्या वर्षी नवे खपतील! आकड्यांत प्रवाशाची अतिशयोक्ती असेलही, परंतु व्यापाऱ्यांचा हिशेब ओळखीचा वाटतो.

ठाण्याजवळचे घोडबंदर हे नाव याच घोड्यांच्या व्यापारावरून पडले, असे परंपरा सांगते. तेथला किल्ला पोर्तुगीजांकडे होता, तो १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. घोडा विकत घेणारे, लुटणारे आणि जिंकणारे आपल्या इतिहासात पुष्कळ भेटतात. घोड्याच्या जखमेची व्यवस्था आधीच लावून ठेवणारे थोडे, आणि त्या थोड्यांत शिवाजी महाराजांचे नाव पहिले घ्यावे लागते.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीस बखर लिहिली. तीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्याच हिशेबाने दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि खूर पाहणारा माणूस हा लष्कराच्या मांडणीतच धरलेला होता. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठीचा दाणा-वैरण आधीच उडवून टाकाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असा त्याचा आशय आहे. दोष उपासाचा नाही, पावसाचा नाही. व्यवस्था ज्याच्या हाती होती त्याचा.

घोडे आपसांत भांडतात, हेही जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. आपल्याकडे घोडे खच्ची करण्याची चाल फारशी नव्हती, त्यामुळे पागेत तापट नर पुष्कळ. म्हणून अगाडी-पिछाडी आली. पुढून दोन खुंट्यांना मोहरकी बांधायची, ती अगाडी. मागच्या पायांना दोरी, ती पिछाडी. पिछाडीमुळे शेजारी लाथेतून वाचतो. पण जो बांधलेला आहे, त्याला पळताही येत नाही. एकाची लाथ आवरली, तरी दुसऱ्याचे दात उरतातच. म्हणून दोरीच्या जोडीला अंतर हवे आणि प्रत्येकाच्या तोंडाला आपापला तोबरा हवा. चाचांनी सुलतानची पिछाडी काढली होती, कारण दोरीने त्याचा पाय सोलवटला होता. हेतू चांगला होता. अंतर मात्र वाढवायचे राहून गेले.

चांदणीवर पुढे काय उपचार झाले, ते मी चिंचेच्या खोडाआडून पाहिले. चाचांनी पहिली गोष्ट केली ती ही, की सुलतानला बाहेर नेऊन बांधले. त्याला चाबूक मारला नाही. मग चांदणीच्या खांद्यावर हात ठेवून ते बराच वेळ नुसते उभे राहिले. तिचा श्वास खाली आल्यावर त्यांनी पाय पाहिला. पाणी उकळून, मीठ घालून, निववून जखम धुतली. तोवर सल्लागार जमलेच. एक म्हणाला, चुना-हळद भरा. दुसरा म्हणाला, डाग द्या. लंगड्या घोड्याला तापल्या लोखंडाने डागण्याची चाल तेव्हा सर्रास होती. त्याने जुन्या दुखण्यात नव्या जखमेची भर पडते. चाचा म्हणाले, “मी नालापुरता शहाणा. हाडाचं डाक्टर बघेल.”

घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे सालोत्री म्हणत. शालिहोत्र नावाच्या प्राचीन आचार्यावरून हा शब्द आला. नकुल आणि जयदत्त यांच्या नावांवर संस्कृतात अश्ववैद्यकाचे ग्रंथ आहेत, म्हणजे विद्या आपल्याला नवी नव्हती. नव्या पद्धतीचे शिक्षण मुंबईत आले ते १८८६ साली, परळच्या व्हेटर्नरी कॉलेजाबरोबर. त्याआधी १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली होती. योगायोग असा, की त्याच १८७४च्या मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्रामही धावू लागली. एकीकडे घोड्यांवर नवे ओझे आणि दुसरीकडे त्यांची नवी काळजी, दोन्ही एकाच वर्षी आली.

चाचांनी बोलावलेले डॉक्टर असेच परळला शिकलेले होते. जखम बोटाएवढी, पण त्यांनी ती बराच वेळ तपासली. घोड्याच्या पायावर खालच्या भागात मांस नाही, कातड्याखाली लगेच हाड. लाथेने हाडाला बारीक चीर गेली असेल, तर वरून दिसत नाही. जखम सांध्यात उतरून पिवळसर चिकट पाणी येऊ लागले, तर घोडा हातचा गेला. तसे काही नव्हते. मग त्यांनी धनुर्वाताची सुई दिली. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि हा रोग घोड्याला फार लवकर धरतो. या विषावरचा उतारा बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली दाखवला. पुढे तो रक्तरस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला, तो घोड्यांच्याच रक्तातून. परळच्या हाफकिन संस्थेचे सर्पविषावरचे औषधही तसेच. आपल्यापैकी कितीजणांचे प्राण घोड्यांनी वाचवले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

डॉक्टरांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. काम बंद, तर चंदीही कमी. नुसते उभे राहून पोटभर दाणा खाल्लेला घोडा पुन्हा जुंपला, की त्याचे पुठ्ठे आखडतात. सुजेवर रोज थंड पाण्याच्या पट्ट्या. आणि हाडाची खात्री होईपर्यंत जागचे हलवायचे नाही.

हे सगळे केले, तरी चांदणी वैरणीला तोंड लावीना. घोडा कळपातले जनावर. ज्याने मारले तो नको, पण एकटेपणही सोसवत नाही. शेवटी चाचीने आपली शेळी आणून तिच्याजवळ बांधली. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच पेंढीतून खाताना दिसल्या.

दिवाळी हा टांग्याचा सुगीचा हंगाम. सामानसुमान घेऊन माणसे स्टेशनावर उतरत आणि टांगेवाले दोन पैसे गाठीला बांधत. त्या वर्षी चाचांची एक पाळी बुडाली. लोक म्हणाले, घोडी विकून टाका. लंगड्या घोडीला गिऱ्हाईक कोणत्या तऱ्हेचे मिळते, ते चाचांना ठाऊक होते. त्यांनी ती विकली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी मला राहवले नाही. रडत रडत गुळाची गोष्ट सांगून टाकली. चाचांनी मला जवळ घेतले. म्हणाले, “बेटा, तू गूळ दिलास. दोन घोड्यांना एक गव्हाण मी दिली.”

घोड्यांच्या कळपात मानपान असतो, हे आज अभ्यासकही सांगतात. थोरल्याने कान पाडले, मान खाली घालून रोखून पाहिले, की धाकटा बाजूला होतो आणि भांडण तेथेच संपते. मोकळ्या रानात लाथेपर्यंत गोष्ट सहसा जात नाही. जाते ती जेथे बाजूला व्हायला जागाच नसते, किंवा खायचे सगळे एकाच ठिकाणी ठेवलेले असते. सकाळच्या गाडीने डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. घरी देवमाणूस असलेला गृहस्थ फलाटावर कोपर कसे चालवतो, ते त्यांनी पाहिलेले आहे!

मार्गशीर्षात चांदणी हातावर चालू लागली, संक्रांतीनंतर अर्ध्या पाळीला टांग्याला लागली. पाय पावसाळी हवेत थोडा आखडे, तो अखेरपर्यंत. चाचांनी तबेल्यात मध्ये बांबूची आडवी फळी घातली आणि दुसरी गव्हाण बांधली, भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला. सुलतान तोच होता, पण त्या दोघांचे भांडण मी पुन्हा पाहिले नाही. पुढे रिक्षा आल्या आणि टांगे एकेक करून मोडीत निघाले. मुंबईच्या व्हिक्टोरियाही २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. त्याचे दुःख करावे असे मला वाटत नाही. घोड्यांनी डांबरावर पुष्कळ सोसले.

पुढच्या वसुबारसेला मी पुन्हा गूळ घेऊन गेलो होतो. या खेपेला आईने स्वतः दिलेले दोन खडे होते. सुलतानने नेहमीप्रमाणे मान लांब केली. मी त्याला वळसा घालून आधी पलीकडच्या गव्हाणीकडे गेलो. चांदणीने मागच्या भिंतीकडे एकदा पाहिले, मग शेळीकडे, आणि मग सावकाश माझ्या तळहातावर ओठ टेकले.