पूरक द्रव्ये, घरगुती साबणातील

घरी साबण करताना तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा या तीन मूळ घटकांखेरीज रंग, वास, फेस, टणकपणा किंवा खरखरीतपणा यांसाठी मिसळायचे पदार्थ. हळद, मुलतानी माती, बेसन, दूध, मध, मीठ, सायट्रिक आम्ल आणि सुगंधी तेले ही त्यांतली नेहमीची. साबण यांच्यावाचूनही होतो. मात्र यांतला कोणताही पदार्थ कच्च्या मिश्रणात पडला की त्याची गाठ आधी तीव्र क्षाराशी पडते, आणि वडीत अखेर काय उरणार हे तिथेच ठरते.

हळद हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घराघरांत ठाऊक आहे. हळदीतले कर्क्युमिन क्षारात रंग बदलते. साबणाच्या घाणातही तेच घडते. मिश्रण प्रथम विटकरी होते, वडी मुरेल तशी पिवळी-नारिंगी होत जाते आणि उजेडात ठेवल्यास फिकी पडते. अर्धा किलो तेलाला एक लहान चमचा हळद पुरते. बीट आणि जास्वंदीचा लाल रंग मात्र टिकत नाही, तपकिरी होतो. रतनजोतीची मुळे तेलात मुरवून घेतली तर जांभळी छटा मिळते.

लिंबाच्या रसाबद्दल मोठा गैरसमज आहे. त्यातले सायट्रिक आम्ल सोड्याशी संयोग पावून सोडियम सायट्रेट बनते, म्हणजे वडीत आम्ल उरतच नाही. सायट्रेटचा उपयोग वेगळा आणि खरा आहे: जड पाण्यात साबणाची चिकट साय धरते, ती याने कमी होते. बोअरवेलच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे. १० ग्रॅम सायट्रिक आम्ल सुमारे ६.२ ग्रॅम सोडा खाते. तेवढा सोडा वाढवला नाही, तर त्या प्रमाणात तेल साबण न होता मागे राहते.

दूध आणि मध यांतल्या शर्करेने मिश्रण तापते. म्हणून दुधाचा बर्फ करून त्यात सोडा थोडा थोडा विरघळवतात, नाहीतर दूध करपल्यासारखे तपकिरी होऊन उग्र वास सुटतो. भांडे स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियमला सोडा खातो. मध जास्त झाला तर घाण साच्याबाहेर उतू येतो. थोड्या साखरेने मात्र फेस वाढतो.

मिठाने वडी कठीण होते, पण फेस मरतो. याला अपवाद खोबरेलाचा. त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून मिठाच्या वड्यांत मुख्य तेल खोबरेलच असते. त्या लवकर कापाव्या लागतात, उशीर झाल्यास तुकडे पडतात.

मुलतानी माती आधी पाण्यात कालवून घ्यावी. कोरडी टाकल्यास ती मिश्रणातले पाणी शोषते आणि वडीला भेगा जातात. कडुनिंबाचा ओला वाटलेला पाला टाळावा. सुकी पाने तेलात मुरवून ते तेल गाळून घेणे उत्तम.

सुगंधी तेले शेवटी, मिश्रण दाटू लागल्यावर घालतात. एकूण तेलाच्या ३ टक्क्यांपर्यंत मात्रा सहसा पुरते. लवंगेच्या तेलाने घाण पाहता पाहता घट्ट होतो, साच्यात ओतायलाही उसंत मिळत नाही. दालचिनीचे तेल त्वचेला झोंबते. संत्र्या-लिंबाच्या तेलांचा वास वडी मुरण्याच्या चार ते सहा आठवड्यांतच पुष्कळसा उडतो.