मोरीच्या पाण्यावरची कर्दळ

केळवे-माहीमकडच्या जुन्या वाड्यांत मोरीचं पाणी वाया जात नसे. परसात निघालं की आधी अळूला, मग कर्दळीला, उरलंसुरलं केळीला. या युक्तीला कुणी नाव दिलं नव्हतं. वास मारत नाही, चिखल साचत नाही, एवढं घरच्या बाईला पुरे होतं.

शास्त्रात ही गोष्ट आली ती जर्मनीतून. प्लॉनच्या माक्स प्लांक संस्थेत केटे झायडेल यांनी 1950च्या दशकात लव्हाळ्याच्या कुळातली झाडं घाण पाण्यात लावून पाहिली. झाडं तगली, आणि फिनॉलसारखं विषारी रसायनही पाण्यातून कमी झालं. राइनहोल्ड किकुथ यांनी पुढे मुळांभोवतीच्या मातीवर लक्ष दिलं. 1974 मध्ये ओथफ्रेझेन या गावी त्यांच्या पद्धतीचं मोठं केंद्र सुरू झालं. आपल्याकडे रुळलेला 'रूट झोन' हा शब्द त्यांच्याच जर्मन शब्दावरून आलेला.

खरं काम झाड एकट्याने करत नाही. नळ, पाणकणीस यांच्या आतून पोकळ असलेल्या दांड्यांतून हवा खाली मुळांपर्यंत उतरते. मुळांना बिलगून राहणारे जिवाणू त्या हवेवर जगतात आणि पाण्यातला मळ खातात. झाड त्यांचं घर सांभाळतं, मला तरी यातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने अशीच पद्धत 'फायटोरिड' या नावाने विकसित केली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात तिचं केंद्र उभं राहिलं.

मग केळव्याच्याच जिल्ह्यातल्या तारापूरला ही पद्धत का नाही, असं कुणीही विचारील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वांत वर होती. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं, आणि निकाल यायला 2022 उजाडलं.

पण या पाण्याला पाणकणसाचा वाफा पुरणार नाही. औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांतलं तीव्र, खारट पाणी जिवाणूंनाच मारतं. जड धातू तर कुणी खात नाही. ते मुळांत आणि गाळात साठतात, म्हणजे पुढे तो गाळच विषारी कचरा होतो. असं पाणी कारखान्याच्या फाटकाआतच अडवायला हवं. तारापूरशेजारच्या बोईसरच्या चाळींच्या, आश्रमशाळांच्या मोऱ्यांचं पाणी वेगळं. त्यासाठी खडीचा वाफा, थोडा उतार आणि परसातली तीच कर्दळ चालते.