सर्दीची गोळी आणि वाहनचालक: एका दुर्लक्षित दुष्परिणामाचा इतिहास

१८७७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यात, आजच्या आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात, जमैकाहून आणलेले एका काटेरी झाडाचे बी पेरण्यात आले. कोरड्या, ओसाड जमिनीवर जळणाचे लाकूड मिळावे हा त्यामागचा हेतू होता. या झाडाचे शास्त्रीय नाव ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’; मराठीत त्याला वेडी बाभूळ म्हणतात. पुढे ती तमिळनाडूभर पसरली आणि तिच्या परागकणांची गणना ॲलर्जीकारक परागकणांत होऊ लागली. चेन्नईच्या हवेत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाच्या दमटपणात वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू मिसळतात. जानेवारीत भोगीच्या पहाटे तेथे घरोघरी जुन्या वस्तू जाळल्या जातात. आधीच हुळहुळलेल्या नाकाला तो धूर आणखी त्रास देतो.

अशा सकाळी शिंकांनी बेजार झालेला माणूस सर्दीची एक गोळी घेतो आणि दुचाकीवर बसून कामाला निघतो. त्या गोळीचा वाहन चालवण्यावर काय परिणाम होतो, हे समजून घेण्यास विज्ञानाला अनेक दशके लागली.

१९१० साली लंडनमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिन या रसायनाचे शरीरावरील परिणाम वर्णिले. नाक वाहणे, खाज आणि सूज यांमागे या रसायनाचा मोठा वाटा असतो. १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांनी हिस्टामिनला अडवणारे पहिले संयुग शोधले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, पण वाट मोकळी झाली. १९४६ साली अमेरिकेत डायफेनहायड्रामिन बाजारात आले आणि १९५० च्या सुमारास क्लोरफेनिरामिन. हे दुसरे औषध भारतातील सर्दीच्या असंख्य गोळ्यांत आजही असते. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधांनी झोप येते, हे प्रारंभापासून ठाऊक होते. त्याचे कारण मात्र नंतर उलगडले. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील काही चेतापेशी हिस्टामिन स्रवतात आणि त्यायोगे मेंदू जागा राहतो. जुनी औषधे मेदात सहज विरघळतात, रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडतात आणि नाकाबरोबर मेंदूतील हिस्टामिनचेही काम थांबवतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई यांच्या गटाने पॉझिट्रॉन प्रतिमाचित्रणाने हे प्रत्यक्ष मोजले. जुन्या औषधांनी मेंदूतील निम्मे वा त्याहून अधिक हिस्टामिन-ग्राही व्यापल्याचे दिसले. फेक्सोफेनाडिनच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ शून्य होते.

रस्त्यावर याचा अर्थ काय, हे मोजण्याची पद्धत १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये जेम्स ओ’हॅन्लन यांनी रूढ केली. चालकाने महामार्गावर सुमारे १०० किलोमीटर स्थिर वेगाने गाडी चालवायची. शेजारी प्रशिक्षक आणि दुहेरी नियंत्रणे असत. गाडी आपल्या मार्गिकेत डावी-उजवीकडे किती हेलकावते, हे कॅमेरा सेंटिमीटरमध्ये नोंदवी.

२००० साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हंगामी ॲलर्जी असलेल्या ४० चालकांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, मद्य आणि औषधविरहित गोळी देऊन वाहन-सदृशकात बसवण्यात आले. पुढील गाडीच्या वेगाशी जुळवून घेण्यात डायफेनहायड्रामिन घेतलेले चालक मद्य घेतलेल्यांहूनही मागे पडले. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, चालकाला स्वतःला किती झोप आल्यासारखे वाटते, यावरून तो किती वाईट चालवील याचा अंदाज करता येत नव्हता. ‘मला काही झोप येत नाही’ ही खात्री म्हणूनच विश्वसनीय नाही.

भारतात औषधे नियम, १९४५ यांच्या ‘जी’ परिशिष्टात क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन यांची नावे आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, अशा अर्थाची ओळ त्यांच्या वेष्टनावर बंधनकारक आहे. त्या ओळीत वाहनाचा उल्लेख नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८५ रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अशी काटेकोर सांगते. पोलिसांचे श्वासविश्लेषक यंत्र मद्य ओळखते; सर्दीची गोळी त्याला कळत नाही.

२०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. ६४,१०५ अपघातांसह तमिळनाडू राज्यांत पहिल्या स्थानी होते. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालात अतिवेग, मोबाइलचा वापर, मद्य व अमली पदार्थ असे रकाने असतात. गोळीमुळे मंदावलेला चालक वेळेत ब्रेक लावू शकला नाही, तर त्याची नोंद बहुधा दुसऱ्याच कारणाखाली होईल. चेन्नईतील आयआयटी मद्रासने विकसित केलेली एकात्मिक रस्ते अपघात माहितीप्रणाली २०२१ पासून प्रथम तमिळनाडू, महाराष्ट्र यांसह सहा राज्यांत वापरात आली. तीत पोलीस घटनास्थळीच मोबाइलवर तपशील भरतात. अपघाताची माहिती इतक्या बारकाईने गोळा होऊ लागली असताना चालकाने घेतलेल्या औषधांचा प्रश्नही विचारला जाणे अगत्याचे आहे.

यावरून औषधच टाळावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. २०१४ साली मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी परागकणांची ॲलर्जी असलेल्या १९ रुग्णांची रस्त्यावर चाचणी घेतली. औषधोपचार नसताना, गाडी चालवत स्मरणशक्तीची कसोटी देताना, त्यांच्या चालवण्यातील बिघाड रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होणाऱ्या बिघाडाएवढा भरला. भारतातील कायदेशीर मर्यादेहून हे प्रमाण जास्त आहे. उपचारांनी तो बिघाड काही अंशी कमी झाला.

म्हणजे उपचार हवेतच. निवड जाणीवपूर्वक हवी. क्लोरफेनिरामिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास प्रौढांत सुमारे २० तास लागतात. त्यामुळे रात्री घेतलेली गोळी सकाळच्या प्रवासातही सोबत असते. तिच्याबरोबर मद्य घेतल्यास परिणाम आणखी वाढतो. वेष्टनावरील घटकांची नावे वाचणे आणि ‘मी रोज गाडी चालवतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगणे, एवढे तर प्रत्येकाला शक्य आहे. कमी गुंगी आणणारे पर्याय आज उपलब्ध आहेत आणि नाकातील फवारेही आहेत. रुग्णाला साजेसा पर्याय कोणता, हे डॉक्टर ठरवू शकतात. मात्र त्यासाठी त्यांना रुग्णाच्या नाकाइतकेच त्याच्या वाहनाविषयीही ठाऊक असावे लागते.