तांबड्या कोंबडीचे घराणे

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, लिटल कॉम्प्टनच्या परिसरातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक तांबडी कोंबडी सिद्ध केली. आशियातून जहाजाने आलेल्या मलाय कोंबड्यांचे रक्त तिच्यात होते. कडाक्याच्या थंडीत तगणारी, भरपूर अंडी देणारी आणि शेवटी ताटातही उपयोगी पडणारी कोंबडी त्या कष्टकऱ्यांना हवी होती. १९०४ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने या जातीस मान्यता दिली. १९२५ साली ॲडम्सव्हिल गावात तिचे स्मारक उभारले गेले, तर १९५४ साली ‘ऱ्होड आयलंड रेड’ हा राज्यपक्षी ठरला.

मात्र या लाभाचे मोल द्यावे लागले. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. त्यामुळे अधिक अंड्यांसाठी निवड होता होता पिल्ले उबविण्याची वृत्ती मागे पडली. म्हणून परसात प्रथमच कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाने अंडी हवीत की पिल्ले, हे आधी ठरवावे. अंड्यांसाठी ही काटक तांबडी उत्तम. उबवणीला मात्र आपली गावठीच खरी. आणि हिवाळ्यात दिवस लहान झाल्याने अंडी घटली, तर तो कोंबडीचा दोष मानू नये.