बुडालेली चांदी आणि दोन किताब

चाचा म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे बुडालेले जहाज आणि खजिन्याच्या पेट्या येतात. अशीच एक खरी हकीकत आपल्या क्वेबेकपर्यंत येऊन पोहोचते.

जहाजे बांधणारा सुतार विल्यम फिप्स याने १६८७ मध्ये ‘कन्सेप्सिऑन’ हे स्पॅनिश जहाज शोधले. ते १६४१ मध्ये हिस्पॅनिओला बेटाच्या उत्तरेला खडकांवर बुडाले होते. पाणबुडे श्वास रोखून तळाशी जात. त्यांनी दोन लाख पौंडांहून अधिक किमतीचा माल, मुख्यतः चांदी, वर काढला. किताब मात्र फिप्सला मिळाला. इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ केले.

१६९० मध्ये याच सर विल्यमने शरण आलेले पोर्ट रॉयल लुटले आणि ऑक्टोबरात क्वेबेकवर आरमार आणले. आपल्या लव्हालला ज्यांचे नाव आहे, ते बिशप तेव्हा क्वेबेकमध्येच राहत होते. फिप्सला माघार घ्यावी लागली. परतीच्या वाटेवर बुडालेले त्याचे ‘एलिझाबेथ अँड मेरी’ हे जहाज १९९४ मध्ये बे-त्रिनिते येथे सापडले. त्यात चांदी नव्हती. सैनिकांच्या बंदुका आणि जोडे होते.

आता आपल्या कोकणाकडे पाहू. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांचा कुलाब्यावरील हल्ला त्यांनी परतवला. इंग्रजांनी त्यांना ‘चाचा’ म्हटले.

एकाला ‘सर’, दुसऱ्याला ‘चाचा’. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवून सांगू या. नाव कोणी दिले, हे विचारायला ती आपोआप शिकतील.